बापाचे नव्वद दिवस

स्वीडनमध्ये कामाची कुठलीच गोष्ट तारखेने ठरत नाही, आठवड्याच्या नंबराने ठरते. शाळांची शरदातली सुट्टी ४४व्या आठवड्यात. जुलैत २८ ते ३१ या आठवड्यांत निम्मा देश बंद. ऑफिसातली साधी मीटिंगसुद्धा 'वेक्का १२मध्ये बघू' अशी. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी हे नंबर पेन्सिलीने लिहून ठेवलेत, नाहीतर चतुर्थी कळते पण डेडलाइन कळत नाही. लेकीसाठी रजा घेतोय असं साहेबाला सांगितलं तेव्हा अभिनंदन करून त्याने एवढंच विचारलं, कुठल्या वेक्कापासून कुठल्या वेक्कापर्यंत? (साहेब आपलं सवयीने म्हणायचं. इथे त्याला सगळेच नावाने हाक मारतात.) "३६ ते ६," मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं आणि पुढचा विषय काढला. सप्टेंबर ते फेब्रुवारी एक धडधाकट पुरुष बाळ सांभाळायला घरी बसणार, यात बोलण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलेलं दिसलं नाही.

बोलण्यासारखं होतं ते डोंबिवलीत.

"नोकरी गेली का रे?" आईने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही गं. रजा घेतलीये."

"पाच महिने? आणि ती?"

"ती जाणार कामाला. तिचे आठ महिने झाले ना घरी बसून."

"आणि पगार?"

"सरकार देतं. ऐंशी टक्क्यांच्या आसपास."

"कुठलं सरकार?"

"इथलंच गं आई."

मग तिने मागे वळून बाबांना ही बातमी दिली. बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "मला नाही दिला कुणी."

रजेचा हिशेब असा आहे. एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवस. त्यातले ३९० दिवस पगाराच्या ऐंशी टक्क्यांना थोडे कमी, तेही एका मर्यादेपर्यंतच्या पगारावर. उरलेले ९० दिवस सगळ्यांना सारखेच, दिवसाला १८० क्रोनर. दोघांना निम्मे निम्मे दिवस. आपल्यातले बरेचसे दिवस जोडीदाराच्या नावावर करता येतात, पण प्रत्येकाचे ९० दिवस राखीव असतात. बापाने आपले ९० घेतले नाहीत तर ते आईला मिळत नाहीत, बुडतात.

स्वीडिश बापांचं कौतुक आपल्याकडे रविवारच्या पुरवण्यांतून अधूनमधून येतं. कॉफीचा कप आणि बाबागाडी घेतलेले दाढीवाले तरुण वगैरे. ते वाचून वाटतं, हे लोक जन्मतःच सुधारलेले असावेत. तसं काही नाही. १९७४ साली स्वीडनने बाळंतपणाची रजा आईपुरती न ठेवता आईबाप दोघांची केली. असं करणारा तो जगातला पहिला देश. त्या सुरुवातीच्या काळात पुरुषांनी घेतलेले दिवस होते जेमतेम अर्धा टक्का. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरकारने लेनार्ट डालग्रेन या वेटलिफ्टरचं पोस्टर काढलं. एवढाले दंड आणि त्यात एवढंसं बाळ. पोस्टर गाजलं, आकडा फारसा हलला नाही. १९९५मध्ये बापाचा एक महिना राखीव झाला, २००२मध्ये दुसरा, २०१६मध्ये तिसरा. आज पुरुष साधारण तीस टक्के दिवस घेतात. माझ्या मते हे 'बुडतील' या धाकाचं काम आहे. हक्काचं बुडू देणं आपल्याला सोसत नाही, त्यांनाही नाही. आपल्याकडे २०१७पासून आईला २६ आठवडे झाले ही चांगली गोष्ट, पण केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसच. त्यातले निम्मे दवाखाना आणि बारशाची यादी यातच संपत असणार.

खरं तर आमच्या घरात नव्वद दिवस आणखी एका व्यक्तीला मिळाले होते. लेक जानेवारी २०२४ची. तेव्हा आई आली होती डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा आणि शेकायला जुनी सुती धोतरं घेऊन. पाहुण्यांच्या व्हिसावर राहता येतं तेही नव्वदच दिवस. एप्रिलमध्ये तिला आर्लांडा विमानतळावर सोडून येताना बायको म्हणाली, "तुला आणि आईंना यांनी एकाच मापाने मोजलंय." त्याच वर्षी जुलैपासून नवा नियम आला की आईबाप आपल्यातले प्रत्येकी ४५ दिवस दुसऱ्या कुणाला, म्हणजे आजीआजोबांनासुद्धा, देऊ शकतात. आम्ही दोघं हरखलो. पण दिवस घेणारी व्यक्ती इथल्या सामाजिक विम्यात असायला हवी. म्हणजे आजी चालते, पण ती इथलीच लागते.

तर मी घरी बसलो. उप्साला हे शहर स्टॉकहोमहून रेल्वेने चाळीसेक मिनिटांवर. विद्यापीठ १४७७चं, कॅथेड्रलचे दोन मनोरे कुठूनही दिसतात, मधून फीरिस नावाची छोटी नदी. बायको विद्यापीठात संशोधन करते, मी रोज रेल्वेने स्टॉकहोमला जायचो. डोंबिवली फास्टच्या अनुभवानंतर ह्या गाडीत बसायला मिळतं हेच मला अनेक वर्षं पुरेसं होतं. उप्सालातली दुपार कशी असते ते मला माहीतच नव्हतं. रजेवर गेल्यावर आठवडा समोर आला, आणि त्या आठवड्याला इथे एक ठरलेला साचा आहे हेही. आईचा सोमवारचा उपास, शनिवारचा मारुती, तसं इथे प्रत्येक वाराला काहीतरी चिकटलेलं आहे. फक्त देव नाहीत, पदार्थ आहेत.

सोमवारी खुली बालवाडी. फुकट, नाव नोंदवायचं नाही, यायचं आणि बसायचं. मुलाला सोडून मात्र जायचं नाही, आपण तिथेच थांबायचं. चर्चच्या तळमजल्यावर एक मोठी खोली, जमिनीवर गाद्या, लाकडी खेळणी, कोपऱ्यात कॉफीची किटली आणि पैसे टाकायला डबा. बसमध्ये शेजारी बसण्यापेक्षा उभं राहणं पसंत करणारे स्वीडिश लोक त्या गादीवर आले की अचानक बोलके होतात. दात, झोप, शी, ओटची लापशी. कुणी कुणाला 'तुम्ही काय करता' असं विचारत नाही. मग गाणी. गोल करून बसायचं, मांडीवर मूल, आणि हातवारे करत कोळ्याचं, कोकराचं गाणं म्हणायचं. पहिल्या सोमवारी माझे हात खिशातून बाहेर येईनात. समोर एक सुतार बसला होता, बोटं रंध्याने सोललेली, तो दोन्ही तळव्यांची फुलपाखरं करून डोलत होता. मग मीही केली. नंतर कॉफी घेताना तो म्हणाला, थोरल्याच्या वेळी धंदा नवा होता, रजा घेतली नाही, दिवस बुडाले. बायको अजून ऐकवते. यावेळी आधी दिवस घेतले, मग गिऱ्हाइकांना कळवलं.

तिथेच एक एरिट्रियन बाप भेटायचा. आमची स्वीडिश सारख्याच पातळीवर अडखळणारी, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्याची आई अस्मारात, माझी डोंबिवलीत, आणि दोघींचं मत एकच: मूल बारीक झालंय.

बारीक झालेलं नव्हतं. मंगळवारी कधीमधी बीव्हीसीला, म्हणजे बालआरोग्य केंद्रात, वजनाला न्यायचो. तिथली नर्स आलेखावर टिंब टाकायची आणि पडदा माझ्याकडे वळवून दाखवायची. प्रश्न विचारायची ते मला. जेवते का, रात्री किती वेळा उठते, तू झोपतोस का. बायको सोबत असली तरी मलाच, कारण घरी मी होतो. आपल्याकडे मुलाला डॉक्टरांकडे नेलेल्या बापाला 'मिसेस नाही आल्या?' विचारतात, त्यामुळे हे जरा जड गेलं. ड जीवनसत्त्वाचे पाच थेंब रोज द्यायचे, हे इथे दोन वर्षांपर्यंत प्रत्येक बाळाला. आमच्या रंगाच्या मुलांना त्यानंतरही चालू ठेवा म्हणतात. ऊन पुरत नाही.

उन्हाचा आणि बाळाचा दुसरा संबंध बुधवारी कळायचा. बुधवार धुण्याचा.

आमची इमारत साठीच्या दशकातली. १९६५ ते ७४ या दहा वर्षांत स्वीडनने दहा लाख घरं बांधायचं ठरवलं होतं, त्यातली. घरात वॉशिंग मशीन नाही. तळघरात सगळ्यांसाठी एक धुलाईची खोली, तिला म्हणतात त्वेत्तस्तूगा. दाराबाहेर भिंतीवर एक फळा, त्यावर महिन्याचे दिवस आणि प्रत्येक दिवसाच्या वेळा, प्रत्येक वेळेला एक भोक. प्रत्येक घराला नंबर घातलेलं एक कुलूप मिळतं, अंगठ्याएवढं. आपल्याला हवी ती वेळ बघून त्या भोकात ते कुलूप बसवायचं आणि किल्ली फिरवायची. बस, ती वेळ आपली. दुसरा कुणी ते काढू शकत नाही. अर्ध्या तासात आपण आलो नाही तर मात्र आपला हक्क गेला. भांडण नाही, सोसायटीची सभा नाही, 'पाटलीणबाईंनी दोरी अडवली' नाही.

भांडण होतं, पण कागदावर. त्या खोलीच्या भिंतींवर चिठ्ठ्या असतात. 'ड्रायरच्या जाळीतला लव काढणे ही प्रत्येकाची जबाबदारी आहे!!!' 'ज्याने माझा निळा मोजा नेला आहे त्याने तो परत आणावा. मी वाट पाहत आहे.' सह्या नसतात. वर्षानुवर्षं जिन्यात भेटून नुसतं 'हेय' म्हणणारी माणसं इथे मनातलं लिहितात. मी त्या चिठ्ठ्यांवर भाषा शिकलो असं म्हटलं तरी चालेल. सौजन्य राखून दात कसे ओठांखाली ठेवायचे, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

लेकीला छातीशी बांधून मी खाली जायचो. दोन मशीनं, एक ड्रायर, एक गरम हवेचं कपाट ज्यात कपडे टांगून ठेवायचे, आणि चादरी सपाट करायचा एक लाकडी रुळांचा चरक, मांगेल. तो चालवायला मला चौथ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बाईंनी शिकवलं. चादर एकट्याने कधी धरायची नाही, म्हणाल्या. मग दोघांनी टोकं धरून ताणली, घडी, पुन्हा ताण, पुन्हा घडी, आणि रुळात. माझ्या आजीचं आणि आईचं नऊवारी घडी करणं मी लहानपणी पाहिलं होतं, ते अगदी असंच चालायचं, त्या ताणालाही तसाच एक लहानसा झटका असायचा. बाईंनी लेकीकडे बघून विचारलं, हिची लाळेरी सगळी पिवळी कशी?

हळद. वरणभाताची. आपल्याकडे हळदीच्या डागाची कुणी चिंता करत नाही, धुऊन उन्हात टाकलं की दोन दिवसांत डाग उडतो. हळदीचा रंग साबणाने हटत नाही पण उन्हापुढे टिकत नाही. उप्सालात नोव्हेंबरात ऊन कुठून आणायचं? गरम हवेच्या कपाटात कपडे वाळतात, डाग जसाच्या तसा राहतो. डिसेंबरात तर सूर्य पावणेनऊच्या सुमाराला येतो आणि पावणेतीनच्या सुमाराला निघून जातो, तेही ढग नसतील तर. त्यामुळे आमच्या घरची सगळी लाळेरी मार्चपर्यंत पिवळी. मार्चमध्ये एका लख्ख दुपारी बाल्कनीत टांगली तेव्हा पांढरी झाली.

बाल्कनीचा आणखी एक उपयोग होता, तो आईला बरेच दिवस कळू दिला नाही. इथे बाळं दुपारी बाहेर झोपतात. थंडीत, बर्फात, गाडीत. आई इथे असताना मार्चमध्ये तिने खिडकीतून समोरच्या बाल्कनीत बाबागाडी पाहिली होती. "अगं बाई, विसरली की काय ती पोराला!" आणि ती चपला घालायला लागली. तिला थांबवता थांबवता नाकी नऊ आले. हिवाळ्यात आमची लेकही तशीच झोपायला लागली. आत लोकरीचे कपडे, खाली मेंढीचं कातडं, वर पिसांची जाड पिशवी, फक्त नाक बाहेर. घरात पाऊण तास झोपणारी पोरगी उणे पाचात दोन दोन तास झोपायची. आईला फोटो पाठवताना मी बाळाचा चेहरा तेवढा येईल असा काढायचो.

गुरुवार वाटाण्याचा. स्वीडनमध्ये गुरुवारी दुपारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि नंतर जॅम लावून पातळ पॅनकेक खातात. सैन्यात, शाळांत, म्हाताऱ्यांच्या हॉटेलांत. कारण असं सांगतात की स्वीडन कॅथलिक होतं तेव्हा शुक्रवारी उपास असायचा, म्हणून गुरुवारी पोटभर. प्रॉटेस्टंट होऊन पाचशे वर्षं होत आली, उपास गेला, आदल्या दिवशीचं जेवण राहिलं. आपल्या आषाढी एकादशीचा उपास उद्या कुणी मोडीत काढला तर साबुदाण्याची खिचडी जशी राहील, तसंच.

सूपात डुकराचं मांस असतं, मरवा आणि थाइम घालतात, ताटाच्या कडेला मोहरीची पेस्ट. मी खाल्लं. वाईट नाही. पण प्रत्येक घासाला वाटायचं, यात फोडणी राहिलीये. मग दुकानात ते पाकीट हातात घेऊन नीट बघितलं. अर्धा किलोचे वाळलेले पिवळे वाटाणे, अगदी स्वस्त. रात्री भिजत घातले आणि सकाळी फुगलेला दाणा बोटाने दाबला, साल सुटली, तेव्हा ओळख पटली. हा आपला पांढरा वाटाणा. रगड्याचा. मुंबईकडच्या मिसळीचा. इंडियन स्टोअरमधून आम्ही तोच वाटाणा दुप्पट पैसे मोजून आणत होतो, आणि तो मैलोन् मैल प्रवास करून आलेला.

त्यानंतर दर गुरुवारी घरी वाटाणाच शिजला. बारा तास भिजवून, कुकरच्या शिट्ट्या, मग कांदा, लसूण, आईने दिलेला मसाला, वरून कोकमाचं पाणी. बायको सहाला घरी यायची तेव्हा लेक उंच खुर्चीत बसून एकेक वाटाणा चिमटीत धरून तोंडात टाकत असायची. रस्सा तिखट, म्हणून तिच्यासाठी मीठ न घातलेले आधीच बाजूला काढलेले. भाजी आणायची, निवडायची, बाळाचं वेगळं काढायचं, दिवसभरातलं हे सगळं 'काही नाही केलं आज' या सदरात मोडतं. सहा वाजता ती 'काय केलंस दिवसभर?' विचारायची, अगदी मायेने, आणि मला सांगण्यासारखं एकही वाक्य सापडायचं नाही. मागच्या आठ महिन्यांत हाच प्रश्न मी किती वेळा दारातून आत येताना टाकला असेल, याचा अंदाज बांधणं मी टाळलं. तिने तो मुद्दाम विचारला नाही, एवढं मात्र खरं.

शुक्रवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी सगळं राष्ट्र सोफ्यावर बसून टाको खातं, त्यात काकडी घालतं. हा प्रकार मेक्सिकोत कुणाला सांगू नये.

शनिवार गोळ्यांचा. सुपरमार्केटच्या एका भिंतीला पारदर्शक डबे, त्यात शेकडो प्रकारच्या गोळ्या, कागदी पिशवीत फावड्याने भरायच्या, वजनावर पैसे. मुलांना गोड फक्त शनिवारी. किती समंजस रिवाज, असं मला वाटायचं, जोवर त्याचा उगम वाचला नव्हता. चाळीसच्या दशकात दक्षिणेतल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाची मतिमंद लोकांना ठेवण्याची संस्था होती. साखरेने दात किडतात का हे बघायला तिथल्या रहिवाशांना, त्यांची परवानगी न घेता, दाताला चिकटतील अशा मुद्दाम बनवलेल्या टॉफ्या दिवसचे दिवस दिल्या. अनेकांचे दात पार गेले. त्यातून कळलं की किती गोड खातो यापेक्षा किती वेळा खातो ते महत्त्वाचं. मग सल्ला निघाला की मुलांना आठवड्यातून एकदाच द्या. आज स्वीडिश मुलांचे दात सुरेख असतात. डब्यांसमोर पिशवी भरताना हे आठवल्यावर हात जरा थबकतो, आणि मग भरतो. मला ती मिठाची काळी लिकरीश गोळी आवडायला लागलीये, हे बायकोच्या मते माझं इथलं सर्वात चिंताजनक लक्षण आहे.

शनिवारांमधला एक वेगळा होता. ४४वा आठवडा, २ नोव्हेंबर. कालनिर्णयात त्या दिवशी पाडवा. स्वीडनमध्ये त्याच दिवशी सर्व संतांचा दिवस, लोक कबरींवर दिवे लावायला जातात. दुकानात दाराशीच कबरीवरच्या मेणबत्त्यांचा ढीग, झाकणवाल्या, वाऱ्यात न विझणाऱ्या. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाला बाहेरच्या कठड्यावर पणत्या लावल्या त्या वाऱ्याने टिकू दिल्या नव्हत्या, म्हणून मी त्या मेणबत्त्या हातात घेतल्या. "कबरीवरचे दिवे पाडव्याला दारात?" बायको म्हणाली. ठेवल्या परत. संध्याकाळी, म्हणजे चार वाजता, लेकीला गाडीत घालून जुन्या कबरस्तानात फिरायला गेलो. अख्खं कबरस्तान दिव्यांनी भरलेलं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड १९६१ला आफ्रिकेत विमान अपघातात गेले, ते इथे आहेत, त्यांच्या घरच्यांसोबत. तिथेही दिवे. लोक येत होते, थर्मासमधली कॉफी पीत होते, हळू आवाजात गप्पा मारत होते. लेक 'दि, दि' करत बोट दाखवत होती. एक आजोबा थांबले, तिला हात केला आणि स्वीडिशमध्ये मला म्हणाले, आई कुठे आहे हिची? मी म्हटलं, मागे आहे, फोटो काढतेय. अच्छा, मग बरं, असं म्हणून ते गेले. आजोबा १९७४च्या आधीचे असणार.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. जानेवारीत एकटेपणा हाडांत शिरतो. डोंबिवलीत बाळाला बारा मांड्या मिळाल्या असत्या, खालच्या काकू, समोरची ताई, दूधवाला. इथे दिवसभर मांडी एकच, माझी. कुणाकडे सहज जायचं तर दोन आठवडे आधी ठरवायचं, तेही वेक्काच्या नंबराने. सरकारने पैसे दिले, दिवस दिले, कुलपाचं भोकसुद्धा दिलं, पण 'जरा धर गं हिला' म्हणायला माणूस दिलं नाही. काही मंगळवारी खुली बालवाडी बंद, बाहेर गुडघाभर चिखलबर्फ, लेकीचे दात येतायत आणि साडेतीनला रात्र. तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा करायचो आणि अर्धा तास तीच तिच्याशी बोलायची. तेवढ्यात मी भांडी घासून घ्यायचो. विम्यात नसलेल्या आजीने तेवढे दिवस भरून काढले.

फेब्रुवारीत बालवाडीची वेळ आली. इथे मुलाला दारात सोडून पळत नाहीत. पहिले काही दिवस बापाने पूर्ण वेळ आत बसायचं, सोबत खेळायचं, सोबत अकरालाच जेवायचं, लंगोट आपणच बदलायचा. मूल जागेला सरावलं की मग निरोप. सामानाची यादी मोठी: रबरी पावसाळी पँट, बर्फातला एकसंध पोशाख, गमबूट, हातमोजे आणि त्यांचे जादा जोड, प्रत्येकावर नाव. आमचं आडनाव त्या चिकटपट्टीत मावलं नाही. निरोपाच्या दिवशी लेकीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वाळूच्या डब्यात हात घातला. रडायचं कुणी असलंच तर ते दाराबाहेर होतं.

सातव्या आठवड्यात मी पुन्हा सकाळची गाडी पकडली. ऑफिसात मेलबॉक्स तुंबलेला, कॉफीचं मशीन बदललेलं. गुरुवारी अकराला बालवाडीचा फोन: उलटी झालीये, घेऊन जा, आणि थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास आणू नका. मूल आजारी पडलं की बापाने किंवा आईने घरी थांबायचं, त्याचेही ऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळतात, वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत. याला वाब म्हणतात, आणि हा महिना इतका आजारांचा असतो की फेब्रुवारीला लोक वाब्रुआरी म्हणतात. बायकोची त्या दिवशी प्रयोगशाळेत मोजणी होती. गाडीत बसून मी साहेबाला निरोप टाकला, आज आणि उद्या वाब, सोमवारची मीटिंग पुढे ढकलू या. स्टेशन यायच्या आत उत्तर आलं. तोही घरीच होता, त्याच्या धाकट्याला पहाटेपासून तेच.